नळाची नोंदवही



दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच एक जीप दाराशी येऊन थांबली होती. शेजारच्या एका लहान शहरातून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना त्यांच्या सूनबाईंनी आणले होते. डावा पाय किंचित आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले होते. खुब्याचे हाड मोडले आहे हे सांगण्यासाठी क्ष-किरण तपासणीचीही गरज नव्हती. वेदनाशामक इंजेक्शन देऊन, पायाला आधार बांधून मी त्यांना पुढील शस्त्रक्रियेसाठी नांदेडला पाठविले.

जाण्यापूर्वी सूनबाईंनी पिशवीतून आजींची वही काढून दाखविली. रक्तदाब, साखर, गोळ्यांच्या वेळा, सारे तारीखवार लिहिलेले होते. इतकी नेटकी वही माझ्याकडे येणाऱ्या शंभरांत दोघांचीही नसते. मी विचारले, "आजी पडल्या कशा?" सूनबाई म्हणाल्या, "रात्री अडीचला नळ आला होता, डॉक्टरसाहेब. आमच्याकडं सहाव्या दिवशी येतो. कधी येईल त्याचा नेम नाही. मला जाग आली नाही, म्हणून त्या एकट्याच उठल्या. अंगणात बादली उचलताना घसरल्या."

"हे नगरपालिकेला कधी कळविले होते का?"

"पाणी सोडणाऱ्याला दोन-तीनदा सांगितलं होतं की."

तो प्रसंग माझ्या मनातून गेला नाही. त्या वहीत आजींच्या शरीराची प्रत्येक नोंद होती. परंतु ज्या कारणाने त्यांचे हाड मोडले, त्याची नोंद कोठेच नव्हती. घरातील वहीत नव्हती, आणि 'सांगितलं होतं' एवढ्यावरच राहिल्यामुळे पालिकेच्या दप्तरातही नव्हती. आजचा हा लेख त्या दुसऱ्या वहीविषयी आहे.

नगरपालिकेलाही उद्दिष्टे असतात

आपल्या रक्तदाबाचे जसे एक ठरलेले लक्ष्य असते, तशीच शहराच्या सेवांचीही लक्ष्ये ठरलेली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे सोपवावयाची कामे नोंदविली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन ही त्यांतच येतात. पुढे २००८ साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 'सेवास्तर मानके' प्रसिद्ध केली. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा अशा चार सेवांसाठी त्यांत एकूण २८ निर्देशांक दिले आहेत, आणि प्रत्येकापुढे गाठावयाचे लक्ष्य लिहिले आहे.

त्यांतील काही लक्ष्ये आपणही पाठ करून ठेवावीत. प्रत्येक घराला नळजोडणी, म्हणजे १०० टक्के. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी. पुरवठा दिवसाचे २४ तास. पाण्याचे सर्व नमुने शुद्ध. गळती व हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. कचरा प्रत्येक घरातून उचलला जावा. आणि पाण्याविषयीच्या तक्रारींपैकी किमान ८० टक्के तक्रारी २४ तासांच्या आत दूर व्हाव्यात.

ही मानके केवळ कागदावर राहू नयेत, म्हणून तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळात अनुदानाच्या काही भागासाठी अट घातली : या चार सेवांची सद्यःस्थिती आणि पुढील वर्षाचे लक्ष्य राज्याने राजपत्रात जाहीर करावे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २००९ पासून महाराष्ट्र व गुजरातमधील शहरांची अशी आकडेवारी वर्षानुवर्षे गोळा करून सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहे. म्हणजे मोठ्या महानगरांप्रमाणेच नांदेड–निजामाबाद लोहमार्गावरील आमच्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावांचेही मोजमाप आता अपेक्षित आहे.

मग सगळे मोजले जात असताना आजींचे अडीच वाजताचे पाणी त्यात का दिसले नाही? त्यासाठी तो आकडा कसा वाचावा हे समजून घ्यावे लागेल. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर आपण जसे प्रश्न विचारतो, तसेच येथेही विचारावयाचे आहेत.

आकड्याला विचारावयाचे चार प्रश्न

पहिला प्रश्न : ही सरासरी आहे का? समजा, आपल्या गल्लीत दर सहा दिवसांनी दोन तास पाणी येते. सरासरी काढली तर ते दररोज वीस मिनिटे होते. परंतु कोणाच्याही घरी रोज वीस मिनिटे पाणी येत नाही. पाच दिवस नळ कोरडा असतो आणि सहाव्या दिवशी साऱ्या घराची धावपळ उडते. दरडोई लिटरांचेही तसेच आहे. टाकीजवळच्या गल्लीत भरपूर पाणी आणि चढावरच्या वस्तीत करंगळीएवढी धार, असे असले तरी दोघांची सरासरी चांगली दिसू शकते.

दुसरा प्रश्न : मर्यादा कोणाच्या दृष्टीने आखली आहे? पावसाचे पाणी साचण्याच्या घटना मोजताना या मानकांनुसार सहा इंचांपेक्षा खोल पाणी चार तासांपेक्षा जास्त वेळ साचले, तरच ती घटना धरली जाते. अभियंत्याच्या दृष्टीने ती मर्यादा योग्यही असेल. मात्र मोतीबिंदू असलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला दोन इंच पाण्याखाली लपलेला खड्डा पुरेसा असतो. रस्त्यावरचा बंद दिवा तर या चार सेवांत येतच नाही.

तिसरा प्रश्न : आकडा कितपत विश्वासार्ह आहे? पाच मिनिटे शांत बसून, प्रमाणित यंत्राने घेतलेला रक्तदाब आणि जिना चढून आल्या-आल्या घेतलेला रक्तदाब यांत फरक असतो. सेवास्तर मानकांतही प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी देण्याची पद्धत आहे. प्रत्यक्ष मीटरने मोजलेल्या आकड्याची श्रेणी वरची आणि अंदाजाने लिहिलेल्याची सर्वांत खालची. आकडा पाहताना त्याच्या शेजारची श्रेणीही अवश्य पाहावी.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : माझी तक्रार यात मोजली गेली आहे का? तक्रार निवारणाची टक्केवारी नोंदल्या गेलेल्या तक्रारींवरून काढली जाते. वर्षभरात दहाच तक्रारी लिहिल्या गेल्या आणि त्यांपैकी नऊ वेळेत दूर झाल्या, तर कामगिरी ९० टक्के, म्हणजे लक्ष्याहूनही सरस ठरते. पाणी सोडणाऱ्याला रस्त्यात सांगितलेली, ओट्यावर बसून केलेली किंवा 'म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं' म्हणून गिळलेली तक्रार या गणितात येत नाही. आपले मौन कागदावर समाधान म्हणून उमटते, आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांचे मौन सर्वांत मोठे असते.

शरीराच्या वहीत हा खर्च कसा पडतो

हे सारे नगर-प्रशासनाचे विषय वाटतील. मला मात्र ते रोज तपासणीच्या टेबलावर दिसतात.

पाणी सहा दिवसांनी येत असेल, तर साठवण आलीच. दरडोई १३५ लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. दोघा वृद्धांना सहा दिवसांसाठी १,६२० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे आठ पिंप लागतील. एवढे कोणी साठवीत नाही. म्हणून कमी वापरले जाते. हात धुणे कमी होते, शौचालयात पाणी कमी पडते आणि 'वरचेवर उठावे लागते' म्हणून आजी पाणी पिणेच कमी करतात. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. त्यातून बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, उभे राहताना चक्कर आणि कधी मूत्रपिंडावर ताण असे विकार उद्भवतात. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. परंतु ती गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

साठविलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू उडून जाते. नळाच्या टोकाशी पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे मानक आहे. ओ.टी. चाचणीचे थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळसर छटा आली, तर क्लोरीन आहे असे समजावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे पाणी पिण्यापूर्वी उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच पिंपांत वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा, असे आम्ही सांगतो. पण ज्यांना पाणीच आठवड्याने मिळते, त्यांनी ते ओतून द्यावे असे कसे सांगावे? अशा घरांनी पिंपाच्या तोंडावर जाड कापड घट्ट बांधावे, पिंप आळीपाळीने रिकामे करावेत आणि रिकामा झालेला पिंप आतून काथ्याने घासावा. कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी टिकतात.

या साऱ्याचे टोक मराठवाड्याने २०१६ साली लातुरात पाहिले. मांजरा धरण आटले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ते दिवस आठवले की टँकरच्या रांगेत उन्हात उभे राहू न शकणारी माणसे माझ्या डोळ्यांपुढे येतात. संकट एका दिवसात येत नाही. त्याच्या खुणा आधी अनेक महिने घरोघरच्या नळावर दिसत असतात. त्या कोणीतरी लिहून ठेवाव्या लागतात.

मोजल्याने फरक पडतो का?

हा प्रश्न मला रुग्णही विचारतात : "रोज साखर मोजून काय होणार, डॉक्टर?" मोजण्याने आजार बरा होत नाही, पण मोजल्यावाचून उपचार बदलता येत नाही.

कराडला लागून असलेले सातारा जिल्ह्यातील मलकापूर हे छोटे शहर पाहा. तेथे २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. वापर वाढेल तसा दर वाढत जाईल, अशी आकारणी ठेवण्यात आली. पाणी कधीही मिळेल याची खात्री असली की माणूस साठवण करीत नाही, आणि नवे पाणी आले म्हणून कालचे ओतूनही देत नाही. वाई आणि सिन्नर येथे शौचालयांच्या सेप्टिक टाक्या भरून वाहण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू झाली. ही शहरे मुंबई-पुण्याएवढी मोठी नाहीत, म्हणूनच ती आपल्या उपयोगाची उदाहरणे आहेत.

नागरिकांच्या बाजूने मोजण्याचेही एक जुने उदाहरण आहे. बेंगळुरूमध्ये अर्थतज्ज्ञ सॅम्युएल पॉल यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने १९९४ साली शहरातील सेवांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध केले. शाळेत मुलांना मिळते तसेच. फक्त गुण देणारे नागरिक होते आणि गुण मिळविणारी कार्यालये. पहिल्या वेळी गुण फारच कमी पडले. १९९९ आणि २००३ साली पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले आणि तिसऱ्या वेळी सुधारणा स्पष्ट दिसली. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, ठरावीक काळाने विचारण्यात त्याची ताकद होती. आपली साखरेची वही याहून वेगळे काय करते?

वही कशी ठेवावी

शाळेची एक साधी वही पुरे. पानावर सहा रकाने आखावेत : तारीख; पाणी केव्हा आले व केव्हा गेले; पाण्याचा रंग व वास; घंटागाडी आली की नाही; गल्लीतील गटार व दिवा; आणि शेवटी घरातील प्रकृती. कोणाला जुलाब झाले, ताप आला, कोणी पडले, हे शेवटच्या रकान्यात लिहावे. हा रकाना कोणत्याही शासकीय तक्त्यात नसतो, म्हणून तो आपण भरावयाचा आहे.

हे काम घरातील ज्येष्ठांनी स्वतःकडे घ्यावे, असा माझा आग्रह आहे. नळ कधी आला हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असते? ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. मात्र रात्री नळ आला तर नोंद सकाळी करावी. वहीसाठी अंधारात उठू नये, आणि बादलीसाठी तर मुळीच नाही. भरलेली बादली पंधरा किलोंची असते. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी ती उचलू नये. नळाला रबरी नळी जोडून पाणी थेट पिंपात घ्यावे, अंगणात रात्री एक दिवा चालू ठेवावा आणि पायांत न घसरणारी चप्पल घालावी.

महिनाअखेर पाच आकडे काढावेत. पाणी किती दिवस आले? एकूण किती तास आले? त्यांपैकी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत किती वेळा आले? घंटागाडी किती दिवस आली? लेखी तक्रारी किती केल्या आणि २४ तासांत किती सुटल्या? या पाच आकड्यांपुढे वर दिलेली लक्ष्ये लिहावीत. एका घराची वही हे गाऱ्हाणे वाटेल. परंतु एका गल्लीतील दहा घरांच्या वह्या एकच गोष्ट सांगू लागल्या, की तो पुरावा होतो.

वही घेऊन कोठे जावे

प्रथम नगरपालिकेच्या आवक-जावक विभागात, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्यावी. पोच नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजावे. मागणी नेमकी असावी. 'पाणी नीट येत नाही' असे लिहिण्यापेक्षा 'गेल्या तीस दिवसांत पाणी पाच वेळा आले, त्यांपैकी चार वेळा मध्यरात्रीनंतर. गल्लीत सत्तरीपुढील सात व्यक्ती आहेत. वेळ दिवसाची ठरवून फलकावर लावावी' असे लिहिले, तर अधिकाऱ्यालाही नक्की काय करावयाचे ते कळते.

शहराची उद्दिष्टे आणि प्रत्यक्ष कामगिरी पाहावयाची असल्यास माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५ आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्क भरून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. मागील दोन वर्षांचे सेवास्तर निर्देशांक, त्यांपुढील विश्वासार्हतेची श्रेणी आणि तक्रार नोंदवहीची प्रत मागावी. नवीन नळजोडणीसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घातली आहे. मुदत टळल्यास अपील करता येते. एवढ्यानेही काम झाले नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

जाताना मनात राग असू नये. पाणी सोडणारा माणूस स्वतःही रात्री अडीचला उठून झडप फिरवीत असतो. जुनी जलवाहिनी, वीज जाणे, आटलेला उद्भव, थकलेली पाणीपट्टी ही कारणे खरी असतात. आपली पाणीपट्टी वेळेवर भरलेली असावी. तिच्या वसुलीचेही ९० टक्के लक्ष्य याच मानकांत आहे, आणि ती जबाबदारी आपली आहे.

आजींचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. शस्त्रक्रिया झाली, तीन महिन्यांनी त्या वॉकर घेऊन माझ्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत आल्या. पूर्वीसारखे चालणे काही परतले नाही. सूनबाईंनी मात्र रक्तदाबाच्या वहीमागे कोऱ्या राहिलेल्या पानांवर नळाच्या नोंदी सुरू केल्या होत्या. गल्लीतील आणखी काही घरे त्यात आली आणि दोन महिन्यांच्या नोंदींसह अर्ज दिला गेला. पाणी आजही तेथे सहाव्या दिवशीच येते. तो प्रश्न सुटलेला नाही. पण त्या गल्लीची पाळी आता सकाळी सहानंतर असते आणि आदल्या दिवशी तसे कळविले जाते.

एवढेच झाले. परंतु हे 'एवढेच' दोन महिने आधी झाले असते, तर एक खुबा शाबूत राहिला असता. पुढच्या वेळी तपासणीला याल, तेव्हा रक्तदाबाच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही आणा. मी दोन्ही वाचीन.